कंट्रोलचं कार्ड

१६ ऑगस्ट २००८

गुरुपादप्पा मामा आले. त्यांच्या चपला मी पाण्याच्या टाकीमागं लपवल्या. जाताना त्यांनी अख्खं अंगण पालथं घातलं, मग मावशीनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मला त्या "सापडल्या".

झालं, लगेच सुरू — "शांतम्मा, ही पोरगी कुणावर गेली म्हणायची? हिची अव्वा म्हंजे देवगाय! मान वर करून बोलली न्हाई कधी. आन् ही बघ!"

"हाव मामा. देवगायच होती गौरा," मावशी म्हणाली, आणि भांडी आवरायला आत गेली.

कळायला लागल्यापासून हेच ऐकतेय. अव्वा — आमच्यात आईला अव्वा म्हणतात — शांत होती, सोशिक होती, तिच्या चालण्याचा आवाज यायचा नाही. भूकंपात ती आणि अप्पा दोघंही गेले. मी चार-साडेचार वर्षांची. घशाला गाठी आल्या म्हणून मला लातूरला मावशीकडं आणून ठेवलं होतं, म्हणून मी आहे. टॉन्सिलनं वाचलेली मुलगी! मला तिचं काही म्हणजे काही आठवत नाही. देवगाईच्या पोटी हे असलं उंडगं वासरू कसं आलं, हा प्रश्न मामांना नंतर पडला, मला आधी पडलाय.

फोटो? घरातले सगळे घराबरोबर गेले. उरला एकच — मावशीच्या लग्नातला ग्रुप फोटो. मधल्या खुर्चीत मामा. ते मावशीचे मामासासरे, वरपक्षाचे मानकरी, डोक्यावर हा एवढा फेटा. आणि बरोब्बर त्यांच्या मागं अव्वा. फेट्याच्या कडेनं तिचा एक डोळा आणि अर्धा कान दिसतो. बाकी सगळा फेटाच फेटा. माझी अव्वा म्हणजे एक डोळा, अर्धा कान.

त्या फेट्याचंही एक रामायण आहे. फोटो झाला, मामा व्याह्यांना भेटायला रुबाबात उठले, आणि फेटा खुर्चीवरच राहिला! कुणीतरी त्याचा मागचा शेमला खुर्चीच्या पाठीला गाठ मारून बांधला होता. भर मांडवात टक्कल उघडं. तेव्हापासून मामा खुर्चीत बसत नाहीत. आजही सतरंजीवर, भिंतीला पाठ घट्ट लावून बसले होते. संशय फोटोवाल्या चन्नबसप्पांवर — "हलू नका, हलू नका म्हणून मला त्यानंच अडकवून ठिवलं!" त्या दिवसापासून आमच्या घरातलं कुणी त्या स्टुडिओची पायरी चढलेलं नाही.

१८ ऑगस्ट

चढले!

क्लासच्या ओळखपत्राला फोटो हवा होता. (मी क्लासच्या कॉम्प्युटर लॅबची मॅडम. पोरं माझ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी लहान. "मॅडम" म्हणताना त्यांना हसू येतं आणि मलाही.) लातुरात फोटोवाले ढीगभर, पण पाय तिकडंच वळले.

चन्नबसप्पा म्हातारे, वाळके, कपाळाला विभूती. नाव विचारलं, मावशीचं नाव ऐकलं आणि हातातला रुमाल खाली ठेवला.

"गुरुपादप्पा हाय का अजून?"

"आहेत. तुमची आठवण काढतात."

"काढू दे. म्या न्हाई बांधला त्येचा फेटा! म्या कॅमेऱ्याच्या मागं. एकाच टायमाला त्येच्या मागं कसा जाईन? अक्कल नको?"

बोलता बोलता कळलं ते असं. छत गळून त्यांच्या जुन्या निगेटिव्ह सगळ्या बुरशीनं गेल्या. पण त्याच्या आधी त्यांच्या मुलानं एकूण एक स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये भरल्या होत्या. मुलगा आता बंगळूरला. कॉम्प्युटर इथंच कोपऱ्यात, वर टॉवेल. लाईट गेली-आली, झटका बसला, आतलं कंट्रोलर कार्ड जळलं. मुलगा फोनवर म्हणाला, फेकून द्या अप्पा. अप्पांनी काही फेकलं नाही. चारही डिस्क धोतराच्या फडक्यात बांधलेल्या, प्रत्येकीवर भस्माचे तीन पट्टे! खंडेनवमीला कॅमेऱ्याबरोबर त्यांचीही पूजा होते म्हणे.

"मावशीच्या लग्नाचे आणखी फोटो होते?"

"सगळा रोल मारला होता. भांडान झालं, तुमच्या लोकांनी एकच घेतला. बाकीचे हितं," आणि फडक्यावर बोट ठेवलं.

उगाच फिरवून लिहीत नाही — मला अव्वाचा चेहरा बघायचाय. अख्खा. त्या चार डिस्क वाचता आल्या तर दिसेल, नाही आल्या तर जन्मभर एक डोळा आणि अर्धा कान.

जळलेलं कार्ड घेऊन आले.

१९ ऑगस्ट

मावशीला सांगितलं. भाकरी थापायचा हात थांबला. "नको. हाय त्यो डोळा बरा हाय." का नको, ते सांगेना. भाकरी करपली. मावशीची भाकरी आजवर करपलेली नाही.

२१ ऑगस्ट

कंट्रोलर कार्ड म्हणजे आडत्या. माल डिस्कचा, गिऱ्हाईक कॉम्प्युटर, मध्ये हा. आडत्याशिवाय सौदा नाही. त्यातून ह्या बेट्यानं एकेका फोटोचे तुकडे करून चारही डिस्कवर वाटून ठेवलेत. कसे वाटले, त्याला आणि त्याच्या भावकीलाच ठाऊक. म्हणजे त्याच जातीचं दुसरं कार्ड शोधायचं, ते लॅबमधल्या मोठ्या मशीनमध्ये बसवायचं.

आणि आमच्या लॅबमध्ये सगळीकडं लिनक्स. कारण क्लासच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, कुठंतरी ऐकलं की चोरीची सॉफ्टवेअरं वापरणाऱ्यांवर दिल्लीहून धाड पडणार. एका रात्रीत आम्ही प्रामाणिक झालो. लिनक्स फुकट, आतलं सगळं उघडं, कुणीही वाचा, कुणीही बदला. फक्त प्रत्येक कार्ड त्याला ओळखतंच असं नाही.

सरांची परवानगी हवी. मग थाप मारली — "सर, त्या डिस्कवर बोर्डात आलेल्या जुन्या मुलांचे फोटो आहेत. होर्डिंगला लागतील." सरांचे डोळे असे लकाकले! आता कुठून आणू बोर्डात आलेली मुलं?

२३ ऑगस्ट, नांदेड

अहमदपूर, लोहा करत एसटीनं आले, हाडं मोजून घेतली. मुक्काम हुमाकडं — डिप्लोमाला माझ्याच बाकावर होती. तिचा चुलतभाऊ मुज्तबा, वजिराबादला त्याचं जुन्या कॉम्प्युटरांच्या सामानाचं दुकान. "हैदराबादला न्हाई भेटलं ते मुज्तबाकडं भेटतंय," असं मुज्तबा भाईच सांगत होते. दुकानात शिरायलाही जागा नाही, एवढं ते भेटतंय.

"नमुना दाखवा, ताई."

पिशवीत हात घातला. जळलेलं कार्ड लातूरला टेबलावर!

मावशीला फोन लावला. "मावशी, टेबलावरचं कंट्रोलर कार्ड नांदेडच्या गाडीत कंडक्टरकडं दे. अर्जंट."

"तिकडं कशाला लागून राहिलं गं ते?"

"लागतंय. प्लास्टिकमध्ये गुंडाळ, ओलं होऊ देऊ नको."

"मला काय शिकवतीस! इतकी वरसं म्याच जपलंय."

इतकी वर्षं? कार्ड परवा आणलं. पण बॅलन्स संपत आला होता, ठेवला.

२४ ऑगस्ट, नांदेड

स्टँडवर कंडक्टरनं पुडकं दिलं. दुकानात जाऊन मुज्तबा भाईंच्या पुढ्यात उघडलं. आत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, आणि पिशवीवर पिशवी, पिशवीवर पिशवी गुंडाळलेलं आमचं रेशन कार्ड.

कंट्रोल! रेशनच्या दुकानाला आमच्याकडं सगळे कंट्रोलच म्हणतात. मावशीच्या दुनियेत कार्ड एकच, कंट्रोलचं. मी "कंट्रोलर कार्ड" म्हणाले, तिनं "कंट्रोलचं कार्ड" ऐकलं आणि पेटीतून काढून दिलं. "टेबलावरचं" हा शब्द गेला वाऱ्यावर.

मुज्तबा भाईंनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. "ताई, ह्याच्यावर गहू भेटतील. डिस्क न्हाई चालणार."

हुमा हसून हसून खाली बसली. मी रागावणार होते, पण धपाटा तोंडात होता.

आता नमुना नाही. नाव तेवढं पाठ होतं, ते सांगितलं. भाईंनी ढिगाऱ्यातून उपसून काढलं — तेच नाव, तीच लांबी, हिरवंगार. "घ्या! म्हणलो न्हाई?"

"लिनक्सवर चालतंय का पण?"

"चालतंय!" छातीवर हात ठेवून.

चालतंय! रात्री हुमाच्या अम्मीनं बिर्याणी वाढली. आम्हाला ती चालत नाही हे ध्यानात ठेवून माझ्यासाठी वेगळा वरण-भात केला होता. मी कार्ड उशाशी घेऊन झोपले.

२६ ऑगस्ट

कार्ड बसवलं. डिस्क जोडल्या. टोकांना भस्म चिकटलेलं, ते एका पोरीचा खोडरबर घेऊन पुसलं. तिला वाटलं मॅडमला वेड लागलं. मशीन चालू केलं — मॉनिटरवर कार्डाची स्वतःची पाटी आली! डिस्क सापडल्या, चारही! पण खाली प्रश्न: ह्या डिस्क दुसऱ्या कार्डाच्या आहेत, त्यांच्यावरची जुनी मांडणी पुसून नवी करू का? हो की नाही?

"हो" म्हणलं असतं तर सगळं साफ. अव्वासकट.

सर मागं उभे होतेच. सरांना कुठलाही प्रश्न चौकोनात दिसला की हात शिवशिवतात. "दोनच पर्याय! निगेटिव्ह मार्किंग नाही! ठोका!" आणि बोट सरळ बटणाकडं. मी त्यांचा हात धरला. चक्क सरांचा हात! "सर, ह्याला निगेटिव्ह मार्किंग आहे." त्यांनी हात मागं घेतला. ह्या भाषेत त्यांना सगळं समजतं.

मुज्तबा भाईंना फोन केला. "वाय दाबा की, चालतंय," म्हणाले. दाबलं नाही. "नाही" दाबलं.

मग लिनक्स चालू झालं. त्याला कार्ड दिसेचना. दाराशी पाहुणा उभा, घरात कुणी ओळख दाखवायला तयार नाही.

२८ ऑगस्ट

"भाई, तुम्ही म्हणालात लिनक्सवर चालतंय."

"हाव, म्हणलो. तुमी विचारलं लिनक्स टाकलं तर चालतंय का? मला काय! तुमी काय बी टाका ताई, मला चालतंय!"

फोन ठेवून भिंतीवर डोकं आपटलं. हळूच, क्लासची भिंत आहे.

३१ ऑगस्ट

कुठली कार्डं लिनक्सवर चालतात त्याची इंटरनेटवर यादी आहे. आपलं कार्ड त्यात आहे. नावासकट! मग अडचण काय?

लिनक्सवाल्यांच्या एका चर्चेच्या गटावर विचारलं. माझं इंग्रजी वाचून कुणी हसलं असेल तर हसू दे. पोलंडच्या एकानं उत्तर दिलं, जरा गुरगुरतच. कंपनीनं तेच नाव ठेवून मधेच आतली चिप बदलली. यादीतलं ते जुनं, हातातलं हे नवं. लातूरच्या बाजारात "मन्मथ" अशी हाक मारली तर निम्मी माणसं वळतील, तसं. कार्ड नावावर नाही, आतल्या नंबरावर ओळखतात. जळलेलं कार्ड सोबत असतं तर नंबर ताडून बघता आला असता. नांदेडला काय होतं सोबत? गहू-साखरेचं कार्ड!

मावशीवर चिडले. "तुला साधं टेबलावरचं कार्ड..." तिनं माझ्या ताटात तूप जास्त वाढलं. भांडायची सोयच ठेवत नाही ही बाई.

दुसरं कार्ड कुठंच मिळत नाही. हैदराबाद, पुणे, औरंगाबाद, सगळीकडं विचारून झालं.

१ सप्टेंबर

चन्नबसप्पा विचारायला क्लासवर आले. म्हणाले, "न्हाई झालं तर न्हाई, बाळ. निगेटिव्हवर बारकं काय दिसलं न्हाई, पर त्या रोलात गाठ मारणारा घावला, तर एकदा त्या गुरुपादप्पाच्या म्होरं त्यो फोटो टाकायची लई इच्छा हाय. तेवीस वरसं झाली, म्या कुनाच्या लग्नात वर मान करून उभा ऱ्हायलो न्हाई."

ते इतकं मनाला लावून घेतलंय हे मला ठाऊकच नव्हतं. मी चहा सांगितला आणि उगाच काहीतरी बडबडत बसले.

३ सप्टेंबर

गावभर गणपती बसले. आमच्याकडं बसवत नाहीत. विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटेच भूकंप झाला होता, तेव्हापासून मावशी त्या दहा दिवसांत फक्त कामं उरकत राहते.

सकाळी ओरडत आली, "अगं अक्षे, कंट्रोलला सनाची साखर आली! कार्ड कुठं घालून बसलीस?" माझ्याच पिशवीत होतं, नांदेडहून आल्यापासून. काढून देताना उघडलं. आत मावशीचं नाव, काकांचं — ते वारले, त्यांच्यावर रेघ — आणि खाली वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात: अक्षरा.

"हे माझं नाव नंतर घातलं का?"

"मग! भूकंपानंतर तीन खेटे घातले. सायब म्हणं यादीत न्हाई तिला धान्य न्हाई. म्हणलं, मग यादीत चढवा. म्हणला, तुमची कोन? म्हणलं, माझीच. चढवलं नाव. दुसऱ्या दिवशीपासून तुझे गहू सुरू."

मला रडू आलं. लपवायचं काय त्यात? मावशीच्या पदरात तोंड घालून रडले, आणि रडता रडता मधेच थांबले.

यादीत नाही तिला धान्य नाही. मग यादीत चढवा!

कार्डाशी बोलणारा लिनक्सचा जो प्रोग्राम आहे, ड्रायव्हर, त्याच्या पोटात नंबरांची एक यादी असते. ह्या नंबराचं कार्ड आलं तरच दार उघडायचं. आपल्या कार्डाचा नंबर त्यात नाही. पण लिनक्स तर सगळं उघडं! आपल्या हातानं चढवायचं नाव. खेटेही घालायला नकोत.

मावशी म्हणाली, "रडून झालं असंल तर साखर आन." आणली.

४ सप्टेंबर

पोलंडच्या गुरगुऱ्याला विचारलं. उत्तर: चिप त्याच भावकीतली आहे, नंबर घालून बघ, चालेल बहुतेक. डिस्कवर काहीही लिहू नकोस, फक्त वाच. बिघडलं तर मी जबाबदार नाही.

"चालेल बहुतेक." ह्या माणसाला "चालतंय" म्हणता येत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवला.

६ सप्टेंबर

ओळ घातली. एकच ओळ! आता ड्रायव्हर नव्यानं तयार करायचा, त्याला मशीन बराच वेळ दळत बसतं. अर्ध्यावर लोडशेडिंग. परत पहिल्यापासून. परत लोडशेडिंग. सरांकडं इन्व्हर्टर मागितला. "माझ्या केबिनचा पंखा बंद होईल." मी म्हणाले, "होर्डिंग, सर." पंखा बंद झाला.

८ सप्टेंबर

ओळखलं! लिनक्सनं कार्ड ओळखलं! डिस्क उघडल्या — फक्त वाचायच्या, लिहायचं नाही, दहादा तपासून — आणि फायलीच फायली खाली धावायला लागल्या. मी लॅबमध्ये ओरडले. फिजिक्सचा तास थांबला.

पहिली उघडली ती कुठल्यातरी शाळेच्या गॅदरिंगची. नऊवारी नेसलेली, डोक्यावर घागर, नाकात नथ, कमरेवर हात ठेवून उभी असलेली एक बाई. नीट बघितलं. बाई नव्हती. सर होते. शाळेतले, पण जिवणी हीच, चिडकी.

"सर, होर्डिंगसाठी एक फोटो सापडलाय."

सरांनी बघितला. पंख्याखाली असूनही घाम आला. होर्डिंगचा विषय संपला. इन्व्हर्टर लागेल तितका वापरा म्हणाले. देव आहे!

९ सप्टेंबर

हजारो फोटो, आणि फायलींना नावं नाहीत, नुसते आकडे. उद्यापासून चन्नबसप्पा येऊन बसणार. त्यांना चेहरे पाठ आहेत.

११ सप्टेंबर

चन्नबसप्पा बघता बघता मधेच पडद्यावर बोट ठेवतात. काही गावं आता तिथं नाहीत. नवरा-नवरी, वऱ्हाड, पाळण्यातलं मूल. "ही समदी गेली," म्हणतात आणि पुढचा दाखव म्हणून खूण करतात. मला नावं विचारायचा धीर होत नाही. त्यांनी स्वतःहून सांगितलं, की ज्यांचं कुणी उरलंय त्यांना एकेक छापून नेऊन देऊ. मी हो म्हणाले. आम्ही दोघंच हे करू.

१२ सप्टेंबर

मावशी तीन दिवस झाले, विचारते, "सापडला का?" नाही म्हणलं की सुटल्यासारखी श्वास सोडते. आज धरलं तिला. "मावशी, खरं सांग, का नको तुला?"

"सापडला की कळंल," म्हणाली, आणि चुलीपुढं बसून राहिली. गॅस असताना चुलीपुढं.

भीती वाटायला लागलीय. काय असेल त्या फोटोत? अव्वा रडत असेल? कुणी मारलं असेल तिला? इतकी सोशिक होती म्हणतात, म्हणजे काहीतरी सोसतच असेल ना.

१४ सप्टेंबर

आज अनंत चतुर्दशी. रस्त्यावर ढोल, मावशी दार लावून घरात. मी लॅबमध्ये, चन्नबसप्पा शेजारी.

सापडला रोल. ओळखीचाच फोटो आधी आला, आमच्या भिंतीवरचा. मामा, फेटा, एक डोळा, अर्धा कान. पण हा मोठा करता येतो. डोळ्यापर्यंत मोठा केला. आजवर मला वाटायचं, ती लाजून फेट्यामागं लपलीय. मोठा केल्यावर दिसलं की ती ताठ उभी नाहीच. खाली वाकलीय. कशाला वाकली असेल?

"पुढचा दाखव," चन्नबसप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

बटण दाबलं आणि लाईट गेली. इन्व्हर्टरही संपलेला. आम्ही दोघं अंधाऱ्या पडद्याकडं बघत बसलो. बाहेर गणपतीला निरोप चाललेला.

१५ सप्टेंबर

उघडला.

मामा तसेच ताठ. त्यांच्या मागं अव्वा, आता बाजूला झुकलेली, अख्खी. माझ्याहून लहान आहे! जीभ दातांत धरलीय आणि दोन्ही हातांनी फेट्याच्या शेमल्याची खुर्चीला गाठ मारतेय.

चन्नबसप्पा पडद्याजवळ जाऊन बघत राहिले. म्हणाले, "गुरुपादप्पाला दावू नको. माझंच नाव ऱ्हाऊ दे." आणि ताठ मानेनं बाहेर पडले.

प्रिंट मावशीपुढं ठेवला. "ही देवगाय?"

मावशीनं पदर तोंडाला लावला. हसत होती का रडत होती, तिलाच ठाऊक. "लई वांड होती गं गौरा! मामाला वास लागू नये म्हणून देवगाय, देवगाय म्हणत बसले. आन् तुला सांगितलं असतं, तर तू आवरली असतीस का?"

फोटो किती वेळ बघत बसली. मग डोळे पुसून उठली.

"उद्या मामा जेवाया येऊन राहिलेत. खुर्ची काढून ठिव."